भावाने जर्मनीतले प्रशिक्षण सोडावे का?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. नाव न छापण्याची त्यांची विनंती मान्य करून पत्राचा सारांश देतो.

त्यांचा धाकटा भाऊ 21 वर्षांचा आहे. सोलापुरात आयटीआयमधून त्याने इलेक्ट्रिशियनचे प्रशिक्षण घेतले, जर्मन भाषेची बी-1, म्हणजे मध्यम पातळी उत्तीर्ण केली आणि एका सल्लागार एजन्सीमार्फत 1 सप्टेंबर 2025 रोजी जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका गावात, इमारतींच्या वायरिंगची कामे करणाऱ्या छोट्या कंपनीत साडेतीन वर्षांच्या प्रशिक्षणाला लागला. वडील टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत आणि मुलाला पाठवण्यासाठी त्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढले आहे. तिथे गेल्यापासून मुलगा खचला आहे. कारागीर काय बोलतात ते त्याला कळत नाही, तिथल्या व्यवसाय शाळेतल्या पहिल्या चाचणीत तो नापास झाला, कामावर शिडी धरणे, केबल ओढणे आणि झाडलोट एवढेच त्याच्या वाट्याला येते आणि रात्री त्याला झोप लागत नाही. कंपनीच्या मालकाने "डिसेंबरअखेरपर्यंत बघू" असे सुनावले आहे. खोलीतले सोबती सांगतात की हे सोडून श्टुटगार्टमधल्या गोदामात लाग, तिथे दुपटी-तिपटीने पैसे मिळतील. आई म्हणते परत ये. आजोबा म्हणतात, "आम्हीही तेलंगणातून इथे आलो तेव्हा आम्हाला कोण मदत करायला आले होते?" एक वर्ष सहकार्य करण्याचे आश्वासन देणाऱ्या एजन्सीला फोन केला तर "अ‍ॅडजस्ट करा" एवढेच उत्तर मिळते. त्याने प्रशिक्षण सोडावे का, आणि परक्या देशात त्याने कोणाला विचारावे, असे त्या विचारतात.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे, ती म्हणजे मालकाचे "डिसेंबरअखेर". जर्मनीतल्या अशा प्रशिक्षणाच्या करारात सुरुवातीला परीक्षाकाल असतो. तिथल्या कायद्यानुसार तो किमान एक आणि जास्तीत जास्त चार महिन्यांचा असू शकतो, आणि बहुतेक कंपन्या पुरते चार महिने घेतात. 1 सप्टेंबरला सुरू झालेला परीक्षाकाल म्हणजे 31 डिसेंबरपर्यंत. या काळात कंपनी आणि मुलगा या दोघांपैकी कोणीही, कारण न देता आणि आगाऊ सूचनेशिवाय, लेखी पत्र देऊन करार संपवू शकतो. 1 जानेवारीनंतर चित्र पुष्कळ बदलते. मग कंपनीला गंभीर कारणाशिवाय त्याला काढता येत नाही, आणि त्याला मात्र हा व्यवसायच सोडायचा असेल तर चार आठवड्यांची सूचना देऊन बाहेर पडता येते. कायद्याचे पारडे तेव्हा त्याच्या बाजूला झुकलेले असते. म्हणून पुढचे पाच-सहा आठवडे "सोडू की राहू" या प्रश्नावर रात्री जागवण्यात घालवू नयेत. हा प्रश्न फेब्रुवारीत विचारला तरी चालेल, आणि तेव्हा त्याचे उत्तर देणे सोपे जाईल. तूर्त त्याने काहीही लिहून देऊ नये, कोणत्याही कागदावर न समजता सही करू नये आणि एकही दिवस न कळवता गैरहजर राहू नये.

शेवटची सूचना साधी वाटेल, पण मुले इथेच घसरतात. झोप लागली नाही, अंग दुखते आहे, मन लागत नाही म्हणून मुलगा एखाद्या सोमवारी कामावर जात नाही आणि फोनही करत नाही. आपल्याकडे असे खाडे कारखान्यात होतात आणि मुकादम चार शब्द बोलून सोडून देतो. तिथे न कळवता राहिलेली गैरहजेरी हे परीक्षाकालात करार संपण्याचे अगदी नेहमीचे कारण असते. प्रकृती बरी नसेल तर काम सुरू होण्याच्या वेळेआधी फोन करून कळवावे आणि डॉक्टरकडे जावे. प्रशिक्षणार्थ्याचा आरोग्यविमा सक्तीचा असतो, त्यामुळे त्याचा विमा आहेच. झोप न लागण्याबद्दलही त्याने जवळच्या फॅमिली डॉक्टरला, म्हणजे हाउसआर्ट्झ्टला, मोकळेपणाने सांगावे. त्या भागात डिसेंबरमध्ये सकाळी आठनंतर उजाडते आणि संध्याकाळी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. सोलापूरच्या उन्हात वाढलेला मुलगा अंधारात कामावर जातो आणि अंधारात परत येतो, याचा परिणाम झोपेवर आणि मनावर होतो आणि तिथल्या डॉक्टरांना ही तक्रार नवी नसते.

आता गोदामाच्या नोकरीबद्दल. खोलीतल्या सोबत्यांचा हिशेब कागदावर चुकीचा नाही. 2025 मध्ये सुरू झालेल्या प्रशिक्षणासाठी पहिल्या वर्षाचे कायदेशीर किमान विद्यावेतन महिना 682 युरो आहे. अनेक कंपन्या त्याहून जास्त देतात. किमान वेतन 2025 मध्ये तासाला 12.82 युरो आणि 1 जानेवारी 2026 पासून 13.90 युरो ठरल्यामुळे पूर्णवेळ गोदामात काम करणाऱ्याच्या हातात, कर व इतर कपाती होण्याआधी, बावीसशे युरोंच्या वर रक्कम येते. पण तुमच्या भावाला मिळालेला राहण्याचा परवाना या प्रशिक्षणासाठीच आहे. प्रशिक्षण चालू असताना त्याला आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास दुसरे काम करण्याची मुभा आहे. तीही पूर्ण वापरता येणे कठीण, कारण कामाच्या वेळेचा कायदा सर्व कामांचे तास एकत्र मोजतो आणि सरासरीने आठवड्याला 48 तासांच्या वर जाऊ देत नाही. प्रशिक्षणाचे तास वजा केले तर उरतात किती, ते तुम्हीच मोजा. प्रशिक्षण सोडून पूर्णवेळ गोदामात लागणे म्हणजे परवान्यात न बसणारे काम करणे, आणि त्यात सापडला तर देश सोडण्याची नोटीस त्याच्या नावावर येईल, सोबत्यांच्या नाही. याला आपल्याकडे आगीतून फुफाट्यात म्हणतात.

यासंबंधी एक दिलासाही आहे आणि तो मुलाला आजच कळला पाहिजे, कारण बहुतेक मुले "करार गेला की दुसऱ्या दिवशी विमानात बसावे लागते" या भीतीने गप्प बसतात. तसे नाही. प्रशिक्षण मुदतीपूर्वी संपले आणि त्याला मुलगा स्वतः जबाबदार नसेल, तर परवाना रद्द करण्यापूर्वी त्याला दुसरी प्रशिक्षणाची जागा शोधण्यासाठी सहा महिन्यांपर्यंतचा अवधी देण्याची तरतूद तिथल्या निवास कायद्यात आहे. मात्र करार संपल्याचे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला दोन आठवड्यांच्या आत त्याने स्वतः कळवावे. जो स्वतःहून राजीनामा लिहून गोदामात जातो, त्याला या तरतुदीचा आधार मागणे अवघड होते. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. कंपनी बदलायचीच असेल तर आधी सल्ला, मग दुसऱ्या कंपनीचा लेखी करार, मग परदेशी नागरिक कार्यालयाची संमती आणि सर्वांत शेवटी जुन्या कंपनीला पत्र.

त्याने कोणाला विचारावे, हा तुमच्या पत्रातला दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. तो ज्या देशात गेला आहे तिथे त्याच्यासारख्या, म्हणजे बाहेरून आलेल्या आणि वयाने लहान असलेल्या मुलांसाठीच उभारलेली एक सेवा आहे. तिचे नाव युगेंडमिग्राट्सिओन्सडीन्स्ट असे लांबलचक आहे, पण सगळे तिला जेएमडी म्हणतात. 12 ते 27 वर्षे वयाच्या स्थलांतरित मुलामुलींना शाळा, प्रशिक्षण, भाषा, घर, सरकारी कागदपत्रे आणि घरच्या अडचणी या सर्वांबाबत तिथे विनामूल्य मार्गदर्शन मिळते. देशभरात तिची सुमारे पाचशे केंद्रे आहेत. खर्च तिथले केंद्र सरकार करते आणि केंद्रे धर्मादाय व सामाजिक संस्था चालवतात. तिथे बसलेला सल्लागार पोलीस नसतो, परदेशी नागरिक कार्यालयाचा माणूस नसतो आणि कंपनीचाही नसतो. मुलाने सांगितलेले तो मुलाच्या परवानगीशिवाय बाहेर सांगत नाही. उलट मुलाला आलेले कठीण सरकारी पत्र तो वाचून दाखवतो, फोन लावून देतो, कोणत्या खिडकीत कोणता अर्ज द्यायचा ते सांगतो. सल्ला ऑनलाइन विचारण्याचीही सोय आहे, त्यामुळे गावात केंद्र नसेल तरी अडत नाही. तुमच्या भावाला जाऊन तीन महिने होत आले आणि त्याने हे नाव ऐकलेले नाही, असे तुमच्या पत्रावरून दिसते. एजन्सीने विमानतळावर गाडी पाठवली आणि खोलीची किल्ली दिली, पण या एका पत्त्याची चिठ्ठी दिली नाही, याचे मला नवल वाटत नाही. राग मात्र येतो.

जेएमडीच्या बरोबरीने रोजगार खात्याचे कार्यालय, म्हणजे आगेंटूर फ्यूर आर्बाइट. आपल्याकडचे रोजगार विनिमय केंद्र डोळ्यांसमोर आणून लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. पण तिथे करिअर सल्लागार असतात, त्यांची भेट घेण्याला पैसे पडत नाहीत, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रशिक्षणात मागे पडणाऱ्या मुलांसाठी त्यांच्याकडे एक ठरलेली मदत आहे. तिला आझा-फ्लेक्स म्हणतात. व्यवसाय शाळेतल्या विषयांची शिकवणी, जर्मन भाषेची तयारी, परीक्षेचा सराव आणि गरज पडल्यास कंपनी व मुलगा यांच्यात बोलणी करून देणारा समाजकार्यकर्ता, असे सर्व त्यात येते आणि मुलाला त्यासाठी खर्च करावा लागत नाही. पहिल्या चाचणीत नापास झालेला विद्यार्थी हा या योजनेचा अगदी नेहमीचा लाभार्थी आहे. तुम्ही लिहिता की नापास झाल्याचे कळले तर कंपनी काढून टाकेल म्हणून तो ते लपवतो आहे. व्यवसाय शाळा आणि कंपनी या एकाच प्रशिक्षणाच्या दोन बाजू आहेत आणि दोघींचा एकमेकींशी संपर्क असतो. मालकाला गुण बहुधा आधीच कळले आहेत. त्याला कळलेले नाही ते हे, की मुलगा त्यावर काय करणार आहे.

म्हणून पुढच्याच आठवड्यात भावाने मालकाकडे दहा मिनिटे वेळ मागावी, काम चालू असताना नव्हे तर वेळ ठरवून, आणि आधी कागदावर लिहून पाठ केलेली चार-पाच वाक्ये बोलावीत. मला हे काम शिकायचे आहे. कारागिरांची बोली मला अजून कळत नाही, म्हणून सूचना पुन्हा विचाराव्या लागतात. शाळेच्या चाचणीत मला कमी गुण मिळाले आहेत आणि मी अमुक तारखेला शिकवणीसाठी अर्ज केला आहे. माझ्या कामात नेमकी कोणती गोष्ट सुधारली पाहिजे ते मला सांगा. एवढे पुरे. तिथल्या छोट्या कंपन्यांच्या मालकांना रडगाणे आवडत नाही हे खरे, पण अडचण आणि तिच्यावरचा उपाय एकाच वाक्यात घेऊन येणारा मुलगा त्यांना विश्वासाचा वाटतो. आपल्या घरांतून मुलांना "मोठ्यांपुढे तोंड उघडू नये" असे शिकवलेले असते. परीक्षाकालात तीच सवय त्याच्या विरुद्ध जाते, कारण गप्प बसलेल्या मुलाला काम समजले नाही की त्याला कामात रसच नाही, हे मालकाला बाहेरून ओळखता येत नाही.

शिडी धरणे आणि झाडलोट यांबद्दल थोडे सबुरीने घ्यावे. वायरिंगच्या कामात पहिल्या तीन महिन्यांत कोणी मुलाच्या हाती विजेचे पॅनेल देत नाही, ते सोलापुरातही देत नाहीत, आणि आपली कामाची जागा आपण साफ करणे हा तिथल्या कारागिरीचा भाग मानला जातो. तरीही कायदा असा आहे की प्रशिक्षणार्थ्याला प्रशिक्षणाच्या हेतूला धरून असणारीच कामे द्यावीत. करारासोबत प्रशिक्षणाचा आराखडा जोडलेला असतो, त्यात पहिल्या वर्षी काय शिकवायचे ते लिहिलेले असते. भावाने तो काढून वाचावा. महिन्यांमागून महिने नुसती हमाली चालली आणि आराखड्यातले काहीच शिकवले गेले नाही, तर कारागीर व्यवसायांच्या महामंडळात, ज्याला तिथे हँडवेर्क्सकामर म्हणतात, नेमलेला प्रशिक्षण सल्लागार असतो. तो कंपनी आणि प्रशिक्षणार्थी दोघांनाही विनामूल्य सल्ला देतो आणि वाद मिटवणे हे त्याचे नेमून दिलेले काम आहे. त्याच्याकडे मात्र मालकाशी एकदा बोलून झाल्यावर जावे, आधी नव्हे.

आणखी एक मदत सांगतो, जी मला व्यक्तिशः सर्वांत आवडते. तिथे नोकरीतून निवृत्त झालेल्या तज्ज्ञांची एक संस्था आहे आणि तिचा 'व्हेरा' नावाचा उपक्रम 2008 पासून चालू आहे. प्रशिक्षण सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलाला एक निवृत्त, अनुभवी माणूस जोडून दिला जातो. तो मुलाला नियमितपणे भेटतो, अभ्यास घेतो, कामावरच्या अडचणी ऐकतो, परीक्षेच्या आधी धीर देतो. फी नसते. परमुलखात एक वडीलधारा, जर्मन बोलणारा आणि त्याच धंद्यातला माणूस आठवड्यातून तासभर आपल्यासाठी बसतो, याची किंमत पैशांत करता येणार नाही. आणि अशा उपक्रमांची गरज का पडली, तेही भावाला सांगा. तिथल्या प्रशिक्षणाच्या दर दहा करारांपैकी जवळजवळ तीन करार मुदतीपूर्वी मोडतात आणि त्यांत तिथेच जन्मलेल्या, जर्मनच बोलणाऱ्या मुलांची संख्या मोठी असते. अडखळणारा तो पहिला नाही आणि परदेशी आहे म्हणूनच अडखळतो असेही नाही.

भाषेचे मात्र काम कठीण आहे, ते गोड शब्दांत सांगून उपयोग नाही. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून आपल्याकडे जर्मन वर्गांच्या पाट्या गल्लोगल्ली दिसू लागल्या आहेत, आणि त्यांतले बरेचसे वर्ग बी-1 चे प्रमाणपत्र हाती देऊन मोकळे होतात. माझ्या मते व्यवसाय शाळेत विजेचे सिद्धांत जर्मनमधून शिकायला बी-1 अपुरे आहे. त्याच्या वरची बी-2 पातळी नसेल तर पहिले वर्ष दमछाक होणारच. त्यात तुमचा भाऊ गेला आहे श्वेबिश बोलीच्या मुलखात. पुस्तकी मराठी शिकून आलेल्या परप्रांतीयाला मंगळवार पेठेतल्या दुकानात उभे केले आणि समोरच्याने "काय बे, काय करू लागलास?" असे विचारले तर त्याची जी गत होईल, ती तुमच्या भावाची रोज सकाळी सात वाजता होते. याचा अर्थ त्याचे जर्मन वाया गेले असा नाही. बोली कानाने शिकावी लागते आणि कानाने भाषा शिकण्याचा अनुभव त्याच्या गाठीशी आहे. तुमच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड आणि हिंदी. यांपैकी किती भाषा त्याने वर्गात बसून शिकल्या? पूर्व भागातल्या मुलांजवळ हे भांडवल असते आणि त्यांना त्याची जाणीव नसते.

व्यवहारात काय करावे, तर कंपनीने ठेवायला सांगितलेली प्रशिक्षणाची नोंदवही, बेरिष्टहेफ्ट, त्याने अभ्यासाची वही म्हणून वापरावी. ती नीट भरलेली असल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसू देत नाहीत आणि ती कामाच्या वेळेत भरू देणे कंपनीवर बंधनकारक आहे. त्या दिवशी कोणते काम केले, कोणते हत्यार वापरले, कारागीर त्याला काय म्हणाला, हे रोज पाच ओळींत जर्मनमध्ये लिहिले आणि आठवड्याच्या शेवटी एखाद्या कारागिराला दाखवून चुका दुरुस्त करून घेतल्या, तर भाषा, काम आणि कारागिराशी ओळख या तिन्ही गोष्टी एकत्र पुढे सरकतात. नोकरीच्या भाषेसाठी सरकारी खर्चाने चालणारे अभ्यासक्रमही असतात आणि त्यांत प्रशिक्षणार्थ्यांसाठी वेगळे वर्ग असतात. त्यांची माहिती जेएमडीत किंवा रोजगार कार्यालयात मिळेल.

तुमच्या आजोबांबद्दल आदर ठेवून एक बोलतो. "आम्हाला कोण मदत करायला आले होते" हे त्यांचे म्हणणे मला पटत नाही. तेलंगणातून विणकर सोलापुरात आले तेव्हा आधी आलेल्या नातलगाच्या घरी उतरले, त्याच्याच ओळखीने मागावर बसले, घराशेजारी तेलुगू बोलणारे होते, लग्ने जुळवायला समाज होता आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथामागे चालायला हजारो आपली माणसे होती. त्या मदतीला कोणी मदत म्हटले नाही, कारण ती श्वासासारखी सहज होती. तुमच्या भावापाशी यातले काहीच नाही. त्याच्यासाठी ते काम तिथे कार्यालये करतात आणि त्यांचे दार त्याला स्वतः ठोठावावे लागते. आजोबांनी हे त्याला आपल्या तोंडाने सांगितले, "जा, विचार, त्यात कमीपणा नाही" एवढे म्हटले, तर माझ्या या सबंध उत्तरापेक्षा त्याचा परिणाम जास्त होईल.

सोबत्यांपासून त्याला तोडू नका. मराठीत बोलायला आणि भात-आमटी खायला कोणीतरी लागतेच. पण आठवड्याच्या सगळ्या संध्याकाळी त्याच खोलीत, गोदामातल्या पगाराच्या त्याच गप्पांत जात असतील तर भाषा तिथेच थांबते. तुम्ही लिहिले आहे की तो इथे तालमीत जात असे. मग त्याला सांगा की बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये कुस्तीचे क्लब पुष्कळ आहेत, गावोगावच्या क्रीडा मंडळांत, ज्यांना तिथे फेराइन म्हणतात, त्यांची वार्षिक वर्गणी फार नसते आणि गादीवर उतरलेल्या मुलाला बोलता कमी आले तरी निभावते. तिथे भेटलेली माणसे पुढे घर शोधायला, दुसरी कंपनी शोधायला आणि पत्र समजून घ्यायला उपयोगी पडतात. एजन्सीपेक्षा जास्त, हे मी खात्रीने सांगतो.

परत येण्याबद्दल आईंना सांगा की तो दरवाजा बंद नाही आणि बंद करूही नये. तीन-चार महिने मनापासून मदत घेऊन, मालकाशी बोलून, कंपनी बदलण्याचा विचार करूनही त्याला ते काम किंवा तो देश नकोच वाटला, तर त्याने रीतसर करार संपवून यावे. शिकलेले जर्मन इथे वाया जात नाही. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात पुढच्या पातळ्या करता येतात आणि चाकण परिसरात जर्मन कंपन्यांचे कारखाने आहेत. पण जे राहतात त्यांना पुढे काय मिळते तेही आईंना माहीत असावे. विद्यावेतन दरवर्षी वाढते. पहिल्या वर्षाच्या किमान रकमेवर कायद्याने दुसऱ्या वर्षी 18 टक्के, तिसऱ्या वर्षी 35 टक्के आणि चौथ्या वर्षी 40 टक्के वाढ ठरलेली आहे. प्रशिक्षण पूर्ण केलेल्या इलेक्ट्रिशियनला कुशल कामगार म्हणून परवाना मिळतो आणि तिथेच प्रशिक्षण घेतलेल्यांना, इतर अटी पुऱ्या केल्यास, दोन वर्षांच्या नोकरीनंतर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. गोदामाच्या रस्त्यावर यातले काही नाही.

एजन्सीशी फोनवर वाद घालण्यात वेळ घालवू नका. तिच्याशी झालेला करार, पैसे दिल्याच्या पावत्या आणि "एक वर्ष सहकार्य" असे लिहिलेला कागद किंवा संदेश एकत्र करून ठेवा आणि जे मिळणार होते ते मिळाले नाही, अशी लेखी मागणी नोंदणीकृत टपालाने पाठवा. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या नोंदणीकृत दलालांची यादी भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर असते आणि अशा दलालाला सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. तुमची एजन्सी त्या यादीत आहे का, आणि तुमच्याकडून घेतलेली रक्कम सेवाशुल्काची होती की भाषावर्ग, भाषांतर, व्हिसा अशा निरनिराळ्या नावांची, हे पावत्यांवरून पाहा. मगच ग्राहक आयोगाकडे जायचे की नाही ते वकिलाच्या सल्ल्याने ठरवा.

राहिला कर्जाचा विषय, आणि गोदामाच्या विचाराचे मूळ मला त्यातच दिसते. दर रविवारच्या फोनवर वडील हप्त्याचा उल्लेख करत नसतील, तरी मुलाला तो ऐकू येतो. म्हणून वडिलांना घेऊन तुम्ही स्वतः पतसंस्थेत जा, हप्ता लहान करून मुदत वाढवता येईल का ते विचारा, वाढीव व्याज किती पडेल ते लेखी घ्या आणि जमत असेल तर पहिले वर्षभर मुलाकडून एक युरोही घ्यायचा नाही असे घरात ठरवा. मग रविवारी त्याला फोनवर हा निर्णय रकमेसह सांगा, आणि त्याच फोनमध्ये जेएमडीच्या केंद्रात त्याने कोणत्या दिवशी कितीची वेळ घेतली, ते विचारा.